पाखरांची भाऊबंदकी

सूरजागड ते सिरोंचा या पट्ट्यातल्या पक्ष्यांची ही यादी चाळताना जाणकार वाचकाची पहिली तक्रार काय असेल, हे आधीच सांगता येते. शिक्रा एका पानावर आणि ससाणा कितीतरी पाने पुढे, थेट पोपटांच्या दाराशी. दोघांची चोच बाकदार, दोघांच्या नख्या तीक्ष्ण, दोघांचा धंदाही एकच. जुन्या पुस्तकांत ते एकमेकांना लागून असायचे. टिबुकलीचेही तेच. मामा तलावात बदकांच्या घोळक्यालगत बुड्या मारणारा हा मूठभर पक्षी बदकांपासून उचलून रानकोंबड्या आणि कबुतरे यांच्या मध्ये टाकला आहे. आणि हुदहुदच्या शेजारी धनेश! यात मुद्रकाचा काही दोष नाही. पुढच्या पानांत जो क्रम दिसेल तो मुद्दाम लावलेला आहे, आणि तो का लावला हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना लांबली आहे.

पक्ष्यांची यादी अनेक प्रकारे करता येते. रंगावर करा, आकारावर करा, पाण्यातले आणि झाडावरचे असे गट पाडा. नवशिक्याला ते सोयीचेच पडते. पण वर्गीकरण करणारा माणूस सोय पाहत नाही, तो नाते विचारतो. गडचिरोलीच्या वाचकाला ही रीत नवी नाही. गोंड समाजात चार देववाले, पाच देववाले, सहा देववाले, सात देववाले अशी विभागणी आहे. एका देवाचे लोक कितीही लांबच्या गावात राहोत, आडनाव कितीही वेगळे असो, ते भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. शेजारच्या घरातला, तसाच पोशाख, तीच बोली, तो मात्र सोयरा. कोण कसा दिसतो यावर तिथे काहीच ठरत नाही, कोण कुणापासून आला यावर ठरते. पक्षिशास्त्राला हा साधा नियम काटेकोरपणे पाळायला दीडशे वर्षे लागली.

याचे कारण सरळ आहे. पूर्वज दिसत नाहीत, दिसते ते शरीर. आणि शरीर फसवते. एकच काम करणारे दोन प्राणी हळूहळू एकसारखे होत जातात. शिकार करायची तर बाकदार चोच हवी, मग घराणे कोणतेही असो. तरी जवळून पाहणाऱ्याला फरक सापडत होतेच. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला एक दातासारखा कोपरा असतो, त्याने तो भक्ष्याची मान मोडतो. शिक्रा पंजानेच जीव घेतो. शिक्रा काटक्यांचे घरटे बांधतो. ससाणे स्वतः घरटे बांधत नाहीत, कड्याच्या कपारीत किंवा दुसऱ्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालतात. हे सगळे ठाऊक असूनही दोघांना एकाच पंगतीला बसवले जात होते. २००८ साली १६९ जातींच्या १९ जनुकीय तुकड्यांची तुलना प्रसिद्ध झाली आणि ससाणे हे पोपट व गाणाऱ्या पक्ष्यांच्या जवळचे, घार-शिक्र्यांच्या नव्हेत, असे दिसले. अनेकांना ते पटले नाही. २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले, २०२४ मध्ये ३६३ जातींचे. पोपटांशी असलेले हे नाते टिकून राहिले. टिबुकलीचा सर्वात जवळचा नातेवाईक रोहित, हेही असेच पक्के झाले. एक बुटकी, बुडी मारणारी. दुसरा लांब पायांचा, चिखल गाळणारा. टिबुकलीची बोटे बदकासारखी पडद्याने जोडलेली नसतात, प्रत्येक बोटाला पानासारखी वेगळी झालर असते, हे मात्र तलावाकाठी बसून कुणालाही पाहता आले असते.

धनेश आणि हुदहुद यांचे नाते मला सर्वात आवडते, कारण ते घरट्यात उघड होते. दोघेही झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. धनेशाची मादी ढोलीत शिरून विष्ठा, माती आणि फळांचा चोथा यांनी दार लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. नर बाहेरून वड-पिंपळाची फळे भरवतो. हुदहुदची मादी दार बंद करत नाही, पण अंडी उबवताना तीही आत बसून राहते आणि नर तिला भरवतो. एकाची चोच केवढी, दुसऱ्याची सुईसारखी. तरी संसाराची रीत एका घराण्याची.

आता या भागाच्या खास गोष्टीकडे येतो. ती जंगलात नंतर पाहू, आधी बाजारात पाहू. एटापल्लीच्या किंवा अहेरीच्या आठवडी बाजारात पाय बांधून आणलेल्या गावठी कोंबड्यांच्या टांगा बघा. काही करड्या, काही पिवळ्या. कोंबड बाजारात झुंजीचा कोंबडा पारखणारे पायाचा रंग नीट बघतात, त्यांचे आडाखे त्यांच्यापाशी. पण शास्त्राच्या दृष्टीने या पिवळ्या टांगेत एक मोठा वाद मिटलेला आहे. सगळ्या पाळीव कोंबड्या लाल रानकोंबड्यापासून आल्या, दुसऱ्या कुणापासून नाही, असे डार्विनने १८६८ साली मांडले होते. पाळीव कोंबडा आणि लाल रानकोंबडा एकसारखेच आरवतात; रानातल्याची बांग शेवटी तुटल्यासारखी संपते, एवढाच फरक. मात्र लाल रानकोंबड्याचे पाय करडे असतात. मग पिवळा रंग आला कुठून? २००८ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या गटाने त्वचा पिवळी करणारे जनुकाचे रूप तपासले, तेव्हा ते लाल रानकोंबड्याचे निघाले नाही. ते करड्या रानकोंबड्याचे होते, म्हणजे सह्याद्री आणि दख्खनमधल्या आपल्या पक्ष्याचे. जगभरच्या खुराड्यांत आज जी पिवळ्या पायांची कोंबडी आहे, तिच्या अंगात भारतीय द्वीपकल्पातल्या एका रानपक्ष्याचा वाटा आहे.

डार्विन पुरता चुकला नव्हता. २०२० मध्ये ८६३ कोंबड्या व रानकोंबड्यांचे जनुकसंच एकत्र तपासले गेले आणि मूळ पाळीव कोंबडी लाल रानकोंबड्याच्या म्यानमार, उत्तर थायलंड व नैर्ऋत्य चीन या भागातल्या उपजातीपासून आल्याचे दिसले. तिथून ती माणसांबरोबर पसरली, आणि जिथे गेली तिथल्या रानकोंबड्यांशी तिचा संकर झाला. वंशवृक्ष म्हटला की आपण फक्त फुटत जाणाऱ्या फांद्या डोळ्यांसमोर आणतो. इथे फुटलेल्या फांद्या पुन्हा जुळल्या.

हे जुळणे जंगलातही होऊ शकते, आणि म्हणूनच गडचिरोली महत्त्वाची. लाल रानकोंबडा उत्तर आणि पूर्व भारताचा, करडा द्वीपकल्पाचा. ढोबळमानाने गोदावरीचे खोरे ही दोघांची सीमा मानली जाते. गडचिरोली आणि चंद्रपूरची जंगले या सीमेवरच आहेत. सीमाभागात दोघांचा क्वचित संकर होतो. नर ओळखणे सोपे आहे. करड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे पिवळट ठिपके असतात आणि तो आरवतो ते तुटक, घोगऱ्या ठोक्यांत. लालच्या मानेवर तांबूस सोनेरी पिसे, पण उन्हाळा सरला की तो ती गाळतो आणि काही काळ काळपट, बुजरा दिसतो. पाळीव कोंबडा असे पीस बदलत नाही. गावाजवळच्या रानात दिसलेला ‘रानकोंबडा’ खरा रानातला की गावातून पळालेला, हे ठरवायला ही खूण उपयोगी पडते. माद्या मात्र भल्याभल्यांना चकवतात.

जात म्हणजे काय, हा प्रश्न इथे आपोआप येतो. अर्न्स्ट मायरने १९४२ साली दिलेली व्याख्या अजून वापरात आहे: आपापसात प्रजनन करणारा आणि इतरांपासून प्रजननाने वेगळा राहणारा समूह. लाल आणि करडा दोन्ही एकमेकांत मिसळू शकतात, तरी आपापल्या प्रदेशात वेगळे राहतात, म्हणून दोन जाती. व्याख्या कडेला थोडी उसवलेली आहे, हे मान्य करून पुढे जायचे. हाच मायर तरुणपणी न्यू गिनीच्या अर्फाक डोंगरात गेला, तेव्हा तिथल्या लोकांकडे १३७ जातींसाठी १३६ नावे होती. डोंगरातल्या माणसाने आणि संग्रहालयातल्या पंडिताने एकमेकांना न विचारता जवळजवळ एकच यादी केली. म्हणजे जाती माणसाच्या डोक्यात नसून रानात असतात, असा अर्थ मायरने काढला. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: रानातल्या माणसाची यादी आधी विचारावी. हे आपल्याकडे मारुती चितमपल्ली यांनी केले. वनखात्याची नोकरी करता करता त्यांनी आदिवासींकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी टिपल्या, आणि त्यांच्या पक्षिकोशाला जे वजन आहे ते त्यामुळेच.

पण नुसत्या नजरेने सगळे सुटत नाही, आणि नुसत्या संग्रहालयानेही नाही. याचे महाराष्ट्रातले सर्वात रंजक उदाहरण रानपिंगळ्याचे. १८७२ साली एफ. आर. ब्लुइट या अधिकाऱ्याने फुलझर भागात, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधल्या बसना परिसरात, एक लहान घुबड मारले. दुसऱ्या वर्षी ॲलन ह्यूमने त्याला नवी जात ठरवून नाव दिले आणि त्यासाठी नवी प्रजातीही, म्हणजे जवळच्या जातींना सामावणारा वरचा गटही, काढली, हेटेरोग्लॉक्स. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके गच्च असतात, याच्या डोक्यावर जवळपास नसतात. पाय जाडजूड, पिसांनी भरलेले. त्यानंतर थोडेच नमुने मिळाले. शेवटचा खरा नमुना १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसनने खानदेशात, शहादा-तळोदा भागात मिळवला. मग शंभर वर्षांहून अधिक काळ काहीच नाही.

शोधणारे शोधत होते, पण चुकीच्या जागी. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन याने १९१४ साली गुजरातमधल्या मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता आणि नमुनाही दाखवला होता. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. पेंढा भरण्याची आतली पद्धत डेव्हिडसनची निघाली. कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातला डेव्हिडसनचा पक्षी चोरून, नव्याने शिवून, स्वतःची चिठ्ठी लावली होती. त्याची नोंद बाद केल्यावर जी ठिकाणे उरली, तिथे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट गेले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, तोही भर दिवसा फांदीवर बसलेला. ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात, यावलला आणि तानसाच्या जंगलातही सापडला.

नाव आणि नाते यांचा प्रश्न तरीही उरला होता. ह्यूमची वेगळी प्रजाती खरी, की हा आपल्या साध्या पिंगळ्याच्याच प्रजातीतला? पक्षी इतका दुर्मीळ की नमुना घेण्याचा प्रश्नच नाही. २०१८ साली भारतीय संशोधकांच्या एका गटाने जनुकांवरून उत्तर दिले: रानपिंगळा पिंगळ्यांच्या, म्हणजे अथीनी प्रजातीच्या, फांदीतच बसतो. गंमत अशी की त्याचा सर्वात जवळचा नातेवाईक आपल्या गावात ओरडणारा पिंगळा नव्हे. दिसायला तोच सर्वात जवळचा, तरीही. ह्यूमला पक्षी वेगळा दिसला तो खरेच वेगळा होता, पण त्याने कुंपण चुकीच्या जागी घातले. त्याच वर्षी जागतिक धोक्याच्या यादीत रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आला. शहाद्यापासून बसन्यापर्यंत नकाशावर रेघ ओढली तर ती विदर्भावरून जाते. गडचिरोली त्या रेघेच्या दक्षिणेला आहे. वाचकाने काय तो बोध घ्यावा. इथल्या प्रत्येक पिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके मोजावेत, एवढेच मी म्हणेन.

गिधाडांबद्दल थोडक्यात. लांब चोचीचे गिधाड म्हणून एकच जात धरली जात होती. २००१ मध्ये रासमुसेन आणि पॅरी यांनी हिमालयाच्या पायथ्याची बारीक चोचीची जात तिच्यातून वेगळी काढली. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे मरत होती, तोच हा काळ. एक जात कमी होते आहे असे वाटत असताना प्रत्यक्षात दोन जाती बुडत होत्या. कुनघाड्याला वनखात्याने गिधाडांसाठी मृत जनावरे टाकण्याची जागा केली आहे, तिथे येणाऱ्या पक्ष्यांकडे पाहताना हे ध्यानात असावे. आणि हेही की पांढरे गिधाड, नाव गिधाडाचे असले तरी, या मोठ्या गिधाडांच्या फांदीतले नाही. त्याचे घराणे हिमालयातल्या दाढीवाल्या गिधाडाबरोबर जाते.

इथल्या पक्ष्यांचे धागे बाहेर कुठवर जातात, याची दोन उदाहरणे पुरेत. भामरागडपलीकडे, इंद्रावती ओलांडली की बस्तरची डोंगरी मैना. तिची उपजात व्हिसलर आणि किनियर यांनी १९३३ मध्ये वेगळी नोंदवली. सह्याद्रीतही डोंगरी मैना आहे, पण तिला आता बहुतेक जण स्वतंत्र जात मानतात. बस्तरची मैना मात्र हिमालय आणि ईशान्येकडच्या मैनेच्या जातीत राहते. द्वीपकल्पाच्या मध्यावर राहून तिचे माहेर पूर्वेला. मलायाकडचे प्राणी सातपुड्याच्या वाटेने सह्याद्रीत आले, असे सुंदरलाल होरा यांनी माशांवरून मांडले होते. १९४९ मध्ये सालिम अलींनी पक्ष्यांवरून त्याला दुजोरा दिला. जनुकांचा पुरावा आल्यापासून हे चित्र इतके सरळ राहिलेले नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचे काही पक्षी इतके जुने आणि निराळे निघाले की २०१७ मध्ये त्यांच्यासाठी दोन नव्या प्रजाती कराव्या लागल्या. तरी वाट कुठून होती हे तपासायचे तर मधल्या डोंगरांतले पक्षी तपासावे लागतील, आणि सूरजागडचे डोंगर त्या मधल्यांपैकी आहेत.

दुसरा धागा उलट दिशेने जातो. जर्डनचा धाविक हा झुडपी रानात रात्री धावणारा पक्षी आज आंध्रातल्या कडप्प्याच्या नावाने ओळखला जातो. १९८६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) भरत भूषण यांनी तो तिथे पुन्हा शोधला. पण एकोणिसाव्या शतकात डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी त्याची नोंद सिरोंच्याजवळही केली होती. या धाविकाच्या प्रजातीतले बाकीचे सगळे पक्षी आफ्रिकेत आहेत. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या आसमंतात एका पक्ष्याचे गणगोत मलायाकडे आणि दुसऱ्याचे आफ्रिकेकडे. असे जिल्हे महाराष्ट्रात फार नाहीत.

ब्लॅनफर्ड पेशाने भूवैज्ञानिक होते, ते दगड पाहायला आले आणि पक्षीही टिपून गेले. त्यांच्या आधी नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी सिरोंच्याजवळच्या कोट्याच्या जीवाश्मांबद्दल लिहिले होते. त्याच कोटा थरांतून बारापासॉरस हा अजस्र डायनोसॉर निघाला आणि १९७५ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. सिरोंचा तालुक्यातच वडधमचे जीवाश्म उद्यान आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुऱ्याला त्यानंतरच्या काळातले अवशेष मिळतात. पक्षी हे दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरांचे वंशज, हे आता वादापलीकडे गेले आहे. बारापासॉरस त्यांचा पूर्वज नव्हे, तो लांब मानेच्या शाकाहारी शाखेतला, फार तर चुलत घराणे. तरी वडधमचे हाड आणि त्याच्यावर बसलेली चिमणी एकाच मोठ्या कुळातली, असे म्हणायला हरकत नाही.

हे सगळे सूरजागडच्या नावाने का सांगायचे? कारण इथे डोंगरात लोहखनिज आहे, ते काढले जात आहे, आणि ठाकूरदेवाची जत्राही याच डोंगरावर भरते. अशा ठिकाणी कोणते प्राणी राहतात याचा तक्ता कायद्याला लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची परिशिष्टे जातींच्या नावांवर चालतात. तक्त्यात ‘घुबड’ लिहिले की साधा पिंगळा आणि रानपिंगळा एकाच ओळीत जातात. ‘रानकोंबडा’ लिहिले की लाल-करड्याची सीमा पुसली जाते. वर्गीकरण हा हौशी लोकांचा शब्दच्छल आहे असे मानणाऱ्यांनी असा एखादा तक्ता वाचून पाहावा.

एटापल्ली, भामरागड, अहेरी आणि सिरोंचा तालुक्यांतल्या शिक्षकांना, वनरक्षकांना आणि मुलांना एक विनंती. रानकोंबड्याची बांग ऐकली की ती लालची की करड्याची हे ठरवा. फोनवर ध्वनिमुद्रण करा, गाव आणि तारीख लिहा. पक्षी जवळ बोलावण्यासाठी त्याचा आवाज वाजवू नका, विणीच्या काळात तर मुळीच नको. मेलेला दुर्मीळ पक्षी सापडला तर घरी नेऊ नका, वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. त्याच्या एका पिसातूनही जनुके मिळतात. या यादीतली जी नोंद चुकीची ठरेल ती पुढच्या आवृत्तीत बदलली जाईल.